हिंमत आणि शिदोरी : धंदा कशाने तरतो?



कामगार चळवळीतल्या माणसाला व्याख्यानाला बोलावले, की तो मालकवर्गावर तोफ डागणार, अशी सर्वसाधारण समजूत असते. आज आम्ही निवडलेला विषय निराळा आहे. एखादा कारखाना चालतो कशाने आणि बंद पडतो कशाने, हा तो विषय होय. ज्याची भाकरी कारखान्यावर अवलंबून आहे, त्याला हा प्रश्न मालकाहूनही अधिक जवळचा आहे. मालकाचा एक धंदा बुडाला तर तो दुसरा काढू शकतो. पन्नाशी उलटलेल्या कामगाराला दुसरे काम कोणी देत नाही. म्हणून कंपनीचा ताळेबंद वाचावयास आम्ही शिकलो. शाळेत कोणी शिकवला नव्हता; युनियनच्या कचेरीत, कंदिलापासून ट्यूबलाइटपर्यंत मिळेल त्या उजेडात, सार्वजनिक वाचनालयांतील पुस्तके चाळून शिकलो. त्या वाचनातून आणि वाटाघाटींच्या टेबलावरून जे उमगले, ते साध्या भाषेत आपणांपुढे मांडावयाचे आहे.

धंद्याच्या यशाविषयी लोकांत दोन मते ऐकू येतात. एक मत म्हणते, माणसात धमक पाहिजे. धमक असली की पैसा आपोआप येतो. दुसरे मत म्हणते, पैशाकडे पैसा जातो. ज्याच्या गाठीशी काही नाही त्याची धमक घरात बसते. पहिले मत गादीवर बसलेल्यांना आवडते आणि दुसरे ओट्यावर बसलेल्यांना. दोन्ही मतांत तथ्य आहे आणि दोन्ही अपुरी आहेत. पहिल्या गोष्टीला आम्ही हिंमत म्हणतो आणि दुसरीला शिदोरी. मढहून माळशेजच्या वाटेने हरिश्चंद्रगडाकडे निघालेल्या वाटसरूला विचारा. नुसत्या हिमतीवर निघालेला मध्यावर उपाशी बसतो, आणि नुसती शिदोरी बांधून घेतलेला उंबऱ्यातच राहतो. गड चढावयाचा तर दोन्ही लागतात. परंतु किती हिमतीला किती शिदोरी पुरते, हा खरा हिशेब आहे.

प्रथम हे दोन शब्द नीट उलगडून पाहू.

हिंमत म्हणजे आरडाओरडा नव्हे. धंद्याच्या अभ्यासकांनी तिचे तीन पदर सांगितले आहेत. १९८३ साली डॅनी मिलर या कॅनडातील अभ्यासकाने ते प्रथम एकत्र मांडले. पहिला पदर नवे करून पाहण्याचा : नवा माल, नवी पद्धत, नवे गिऱ्हाईक. दुसरा अगोदर पाऊल टाकण्याचा : गरज दिसू लागताच, इतर जागे होण्यापूर्वी, तिकडे वळणे. तिसरा जोखीम पत्करण्याचा : फळ निश्चित नसताना पैसा, वेळ आणि अब्रू पणाला लावणे. तिन्ही असतील तेथे उद्यमशीलता आहे असे समजावे. केवळ तिसरा पदर असेल तर तो जुगार होय. पहिले दोन असून तिसरा नसेल तर ते नुसते बेत होत.

शिदोरी म्हणजेही केवळ तिजोरीतील रोकड नव्हे. जमीन, यंत्रे, कच्चा माल आणि भांडवल हे तिचे डोळ्यांना दिसणारे भाग. कामगारांच्या हातातील कसब, कारभाऱ्याचा अनुभव, बाजारातील पत, पुरवठादाराचा विश्वास आणि गिऱ्हाइकाची सवय हे न दिसणारे भाग. एडिथ पेनरोज या अर्थशास्त्रज्ञ बाईंनी १९५९ साली कंपन्यांच्या वाढीवर एक ग्रंथ लिहिला. त्यात त्यांनी कंपनी म्हणजे उत्पादक साधनांची मोळी आहे, असे म्हटले. त्यांचा पुढचा मुद्दा अधिक महत्त्वाचा आहे. साधन असणे ही एक गोष्ट आणि त्या साधनापासून सेवा काढून घेणे ही दुसरी. तेच लेथ मशीन एका हाताखाली सोने पिकवते, दुसऱ्या हाताखाली गंजते. आम्ही असा एक कारखाना पाहिला आहे, की जेथे परदेशाहून आणलेले महागडे यंत्र दोन वर्षे ताडपत्रीखाली झाकून पडले होते. ते चालविण्याचे शिक्षण एकाही कारागिराला दिलेले नव्हते. ताळेबंदात ते यंत्र मालमत्ता म्हणून लिहिले होते. खात्यातल्या माणसांना मात्र ते एक अडगळ वाटे.

आता आपल्या मुलखाकडे वळू. जुन्नर हे व्यापाराचे फार पुरातन ठिकाण आहे. सातवाहनांच्या काळी कोकणातून नाणेघाट चढून माल येथे येई. जुन्नरच्या लेण्यांतील शिलालेखांत त्या वेळच्या कारागिरांच्या आणि व्यापाऱ्यांच्या संघांचा, म्हणजे श्रेणींचा, उल्लेख आहे. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने एक लेणे आणि पाण्याचे टाके दान दिल्याचा लेख आहे. बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि काशाचे काम करणाऱ्यांच्या श्रेणींकडे धर्मदायाची ठेव ठेवल्याचाही लेख आहे. या लेखांचा अर्थ आमच्या दृष्टीने मोठा आहे. बुरुडाच्या संघाकडे लोक विश्वासाने ठेव ठेवीत होते. कारागिरांची संघटना हीच त्यांची पत होती. शिदोरीतील न दिसणारा भाग म्हणतो तो हाच. दोन हजार वर्षांपूर्वी येथल्या दगडावर तो कोरून ठेवलेला आहे.

याच जुन्नरात मराठेशाहीच्या काळी हातकागद तयार होत असे. दफ्तरांना लागणारा जुन्नरी कागद नावाजलेला होता. कागदी लोकांपाशी पिढ्यान्पिढ्यांचे कसब होते, गिऱ्हाईक होते, नावलौकिक होता. पुढे राज्य गेले आणि गिरणीचा स्वस्त कागद आला, तेव्हा तो धंदा मागे पडला. कित्येक लोक म्हणतात, कारागीर जुन्यालाच चिकटून बसले. आम्हांस हा न्याय वाटत नाही. गिरणीशी सामना करावयाचा तर गिरणीएवढे भांडवल हवे होते, यंत्रविद्या हवी होती आणि पाठीशी उभे राहणारे राज्य हवे होते. यांपैकी त्यांच्याकडे काय होते? माणसाच्या वृत्तीला दोष देण्यापूर्वी त्याची शिदोरी उघडून पाहावी, हा पहिला धडा.

याच्या उलट बाजूची गोष्ट आजही मढच्या आणि आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात दिसते. येथल्या डोंगरांत हिरडा होतो. आदिवासी कुटुंबे कोवळा बाळहिरडा गोळा करतात, वाळवतात आणि विकतात. औषधाला त्याचा उपयोग होतो. पक्का हिरडा कातडे कमावण्यास लागतो. म्हणजे कच्चा माल आहे, तो ओळखणारे हात आहेत आणि बाजारही आहे. परंतु डोंगरातून निघतो तो बहुतेक कच्चा मालच. त्याची पूड, अर्क, औषध होऊन जी किंमत वाढते, ती दुसऱ्या गावी वाढते. धरणाच्या पाण्याचेही असेच आहे. कुकडी प्रकल्पाची पाच धरणे जुन्नर-आंबेगावात आहेत. त्यांतले पिंपळगाव जोगे तर मढच्या शेजारीच. साधन उशाशी आणि त्याची सेवा दुसरीकडे, असा हा प्रकार आहे. पाणी खालच्या तालुक्यांना मिळू नये असे आमचे म्हणणे मुळीच नाही. त्यांचीही तहान खरी आहे. म्हणावयाचे ते इतकेच, की साधनाच्या जवळ राहिल्याने कोणी धनवान होत नाही. त्या साधनाला कामाला लावणारी संघटित हिंमत लागते.

थोड्या शिदोरीवर मोठी हिंमत कशी तरते, याचे महाराष्ट्रातील सर्वांत बोलके उदाहरण लक्ष्मणराव किर्लोस्करांचे आहे. १८६९ साली जन्मलेले लक्ष्मणराव मुंबईस चित्रकला शिकले आणि तेथेच तंत्रशाळेत शिकवीत होते. नोकरीतील बढती डावलली गेल्यावर ते बेळगावास आले. वडील बंधू रामूअण्णांसह सायकलींचे दुकान, मग कडबा कापण्याचे यंत्र, मग लोखंडी नांगर, अशी त्यांची वाटचाल झाली. नांगर तयार झाला, पण घेणार कोण? लोखंडाने जमिनीला विष चढते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले नांगर खपावयास फार दिवस लागले. पुढे बेळगावची जागा सोडावी लागली. तेव्हा औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी कुंडलच्या माळावर जमीन दिली आणि बिनव्याजी कर्जही दिले. १९१० साली त्या उजाड माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली.

ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो आणि तिचे तात्पर्य ‘जिद्द असावी तर अशी’ एवढेच सांगतो. ताळेबंद वाचणाऱ्याच्या नजरेने ती पुन्हा वाचू या. लक्ष्मणरावांकडे रोकड नव्हती. परंतु शिदोरी रिकामी नव्हती. हातात यंत्रविद्या होती, चित्रकाराची नजर होती, भावाची साथ होती. आपल्या शब्दावर पैसे देणारा संस्थानिक त्यांनी मिळवला, ही त्यांची पत होती. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेना, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांकडून जुन्या तोफा घेऊन त्या त्यांनी वितळवल्या आणि त्यांचे नांगर केले. दुसऱ्याला जो भंगाराचा ढीग दिसला असता, तो त्यांना कच्चा माल दिसला. हिमतीचे पहिले काम हेच असते. साधने कोठे आहेत ते ओळखणे आणि ज्यांची ती आहेत त्यांना आपल्यावर विश्वास ठेवावयास लावणे. हिंमत शिदोरी निर्माण करते, हा दुसरा धडा. त्याबरोबर हेही ध्यानात ठेवले पाहिजे, की औंधचा राजा पाठीशी नसता तर हीच हिंमत कदाचित बेळगावातच संपली असती. अशा संपलेल्या हिमतींची चरित्रे कोणी लिहीत नाही. यशस्वी उद्योजकांची चरित्रे वाचून ‘धाडस केले की यश येते’ असा सिद्धान्त काढणे म्हणजे पैलतीरी पोचलेल्यांना विचारून नदीला उतार आहे असे ठरविण्यासारखे आहे.

शास्त्रीय अभ्यास काय सांगतो? २००९ साली रॉख नावाच्या संशोधकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी या विषयावरचे ५१ अभ्यास एकत्र करून पाहिले. त्यांत चौदा हजारांहून अधिक कंपन्या होत्या. उद्यमशील वृत्ती आणि धंद्याची कामगिरी यांचा संबंध मोजला तो सुमारे ०.२४ भरला. पूर्ण संबंधाला १ म्हणतात आणि संबंध नसल्यास शून्य. तेव्हा संबंध निश्चित आहे, पण तो बेताचा आहे. म्हणजे वृत्ती उपयोगी पडते. परंतु यशापयशातला पुष्कळसा फरक तिच्याबाहेरच्या गोष्टींनी ठरतो. २००५ साली विक्लुंड आणि शेपर्ड या दोघांनी स्वीडनमधील छोट्या कंपन्यांवर केलेला अभ्यास आणखी पुढे जातो. वृत्ती, भांडवल आणि बाजाराची स्थिती या तिन्ही गोष्टी एकमेकींशी जुळवून पाहिल्याशिवाय चित्र स्पष्ट होत नाही, असे त्यांना आढळले. भांडवलाची टंचाई आणि बाजार संथ, अशा अडचणीच्या जागीही उद्यमशील वृत्तीच्या छोट्या कंपन्या चांगले काम करून दाखवितात, असे त्यांनी नोंदविले आहे. गरीब उद्योजकाने निराश होण्याचे कारण नाही, असा त्याचा अर्थ आम्ही घेतो. पैसा कमी असेल तेथे वृत्तीची किंमत अधिक असते.

आता तिसरा धडा. आणि तो आपल्याच तालुक्यात, नारायणगावात, घडला आहे. शामराव चौगुले यांनी १९८०च्या दशकात नारायणगावला द्राक्षांपासून वाइन करण्याचा कारखाना काढला. फ्रान्समधील तज्ज्ञांचे साहाय्य घेतले आणि बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवून तयार होणारी फेसाळ वाइन केली. ‘ओमर खय्याम’ या नावाने ती युरोपात विकली गेली. आपणांपैकी कित्येकांना मद्याचा धंदा मान्य नसेल. त्या मताचा आम्ही आदर करतो. परंतु उद्योग म्हणून पाहिले तर हिमतीचे तिन्ही पदर येथे होते. ज्या देशात वाइन पिणारे मोजके, तेथे ती करावयाची आणि फ्रेंचांच्या दारात नेऊन विकावयाची, हे लहान काम नव्हते. साधनांचा मेळही चांगला होता. द्राक्षाचा बागायतदार येथेच, हवामान अनुकूल, कारागीर तयार केलेले. २००१ साली महाराष्ट्र सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण आणून सवलती दिल्या. त्यानंतर या धंद्याला बरेच दिवस भरती होती.

मग २००७-०८च्या सुमारास या इंडेज कंपनीने कर्ज काढून परदेशात पाय पसरले. ऑस्ट्रेलियातील वाइन कारखाने घेतले, इंग्लंडमधील वाइन-वितरणाचा धंदा घेतला. तेवढ्यात २००८चे जागतिक आर्थिक संकट आले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला झाला आणि मोठ्या हॉटेलांचा धंदा काही काळ बसला. कर्जाचे हप्ते थांबत नाहीत. खप मात्र थांबला. कंपनी दोन-तीन वर्षांत कोसळली. कामगारांचे पगार थकले, बागायतदारांच्या द्राक्षांचे पैसे अडकले आणि प्रकरण कंपनी गुंडाळण्यासाठी मुंबई उच्च न्यायालयात गेले.

हे असे का झाले? नुसते ‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ असे म्हणून आम्ही थांबणार नाही. कारण तोच नियम पाळला असता तर नारायणगावात वाइन झालीच नसती आणि कुंडलच्या माळावर नांगरही झाला नसता. पेनरोज बाईंचे उत्तर अधिक नेमके आहे. कंपनी किती वेगाने वाढू शकते, हे तिच्या अनुभवी कारभाऱ्यांच्या संख्येवर अवलंबून असते. आणि अनुभवी माणसे बाजारातून एका रात्रीत विकत घेता येत नाहीत. एका गावचा कारखाना चालविणारा कारभार तीन खंडांतला धंदा लगोलग सांभाळू शकत नाही. पैसा उसना मिळतो, यंत्रे मिळतात. जाणत्या माणसांची फळी तयार व्हावयास वर्षे जातात. उसन्या शिदोरीचा आणखी एक दोष आहे. स्वतःचे भांडवल तोट्याच्या वर्षी वाट पाहते. कर्ज वाट पाहत नाही. नवा धंदा, नवा देश आणि नवे कर्ज, तीनही जोखमी एकाच वेळी अंगावर घेतल्या, की त्यांपैकी एक उलटली तरी बाकीच्या दोन तिच्यामागून उलटतात.

याच धंद्यात नाशिकजवळ राजीव सामंत यांनी सुरू केलेल्या सुला कंपनीने २००० साली आपली पहिली वाइन बाजारात आणली. तीही पडत्या काळातून गेली. परंतु ती टिकली आणि २०२२ च्या डिसेंबरात तिचे भाग शेअरबाजारात नोंदले गेले. तिने आपला बाजार मुख्यतः देशातच वाढविला आणि द्राक्षमळा पाहावयास येणारे प्रवासी हेही गिऱ्हाईक मानले. जोखीम तिनेही घेतली. मात्र ओळखीच्या जमिनीवर उभे राहून घेतली.

येथे आम्ही आमच्या मूळ प्रश्नावर येतो. जोखीम घेतली कोणी आणि भोगली कोणी? वाइनची द्राक्षे ही खाण्याच्या द्राक्षांपेक्षा वेगळी असतात. लहान, बियांची, जाड सालीची. कारखाना बंद पडला तर ती बाजारात कोणी घेत नाही. वेल लावल्यापासून पीक हाती येण्यास दोन-तीन वर्षे लागतात. म्हणजे ज्या बागायतदाराने कारखान्याच्या भरवशावर असे वेल लावले, त्याने आपली जमीन आणि तीन वर्षे एकाच गिऱ्हाइकाच्या हवाली केली. कारखाने अडचणीत आल्यावर त्या काळात अनेकांनी आपल्या वाइन-द्राक्षांच्या बागा उपटून टाकल्या. त्यांची नावे कोणत्याही भागधारकांच्या यादीत नव्हती, आणि तरी ते त्या जोखमीतले भागीदार होते. कामगाराचेही तसेच. तो आपली उमेदीची वर्षे एका यंत्रावर घालवितो आणि त्याचे कसब त्या यंत्रापुरतेच राहते.

कायदा या दोघांना सारखे वागवीत नाही, हेही सांगून ठेवतो. १९८५च्या दुरुस्तीनंतर कंपनी गुंडाळताना कामगारांचे देणे तारण घेतलेल्या बँकांच्या बरोबरीने मानले जाऊ लागले. २०१६च्या दिवाळखोरी संहितेतही, दिवाळे निघण्यापूर्वीच्या २४ महिन्यांचे कामगारांचे देणे त्याच बरोबरीने धरले आहे. हे कामगार चळवळीला मिळालेले थोडेथोडके रक्षण नव्हे. परंतु द्राक्ष, ऊस, टोमॅटो वा दूध उधारीवर घालणारा शेतकरी हा तारण नसलेला धनको ठरतो. त्याची पाळी बँकांच्या आणि कामगारांच्या नंतर येते. तोवर पुष्कळदा भांड्यात काही उरलेले नसते. तेव्हा शेतकरी बंधूंनी करारावर अंगठा वा सही करण्यापूर्वी पैसे किती दिवसांत मिळणार हे लिहून घ्यावे, आणि एका गिऱ्हाइकाची उधारी किती वाढू द्यावयाची याची मर्यादा स्वतः घालावी.

मग जोखीम वाटून घेण्याचा दुसरा मार्ग नाही काय? आहे. प्रवरानगरला १९५० साली सहकारी साखर कारखान्याचे गाळप सुरू झाले. विठ्ठलराव विखे पाटलांची चिकाटी आणि धनंजयराव गाडगिळांचे अर्थशास्त्र यांच्या जोडीला हजारो लहान शेतकऱ्यांचे भाग होते. एकेकट्याची शिदोरी मूठभर. एकत्र केल्यावर त्यावर कारखाना उभा राहिला. आपल्याकडे जुन्नरचा विघ्नहर आणि आंबेगावचा भीमाशंकर हे कारखाने त्याच परंपरेतले. येथे ऊस घालणारा हाच मालक असतो, म्हणून जोखमीच्या बरोबर लाभाचा आणि मतदानाचाही हक्क त्याला मिळतो. तरीसुद्धा सहकार ही जादूची कांडी नव्हे. राज्यातील कित्येक सहकारी कारखाने कर्जाखाली दबून आजारी पडले आणि काही विकले गेले. मालकी वाटून घेतली, पण हिशेब तपासण्याची सवय वाटून घेतली नाही, तर गाडी त्याच खड्ड्यात जाते.

कामगारांनीही हा प्रयोग केला आहे. मुंबईत कुर्ल्याचा कामानी ट्यूब्ज हा कारखाना १९८५ साली बंद पडला. मालक भांडत बसले. कामगारांच्या युनियनने कारखाना चालविण्याची योजना पुढे आणली आणि १९८८ साली सर्वोच्च न्यायालयाने ती मान्य केली. कामगारांनी स्वतःचे पैसे घातले, यंत्रे पुन्हा सुरू केली आणि सुरुवातीची काही वर्षे कारखाना चांगला चालविला. आमच्या पिढीला त्या बातमीने केवढा हुरूप आला होता! कसब होते, हिंमत होती. कमी पडले ते खेळते भांडवल. जुन्या देण्यांचे ओझेही होते. १९९०च्या दशकात कारखाना पुन्हा अडचणीत आला आणि २००६ साली तो विदर्भात वाढलेल्या उद्योजिका श्रीमती कल्पना सरोज यांच्याकडे गेला. या प्रयोगाला अपयश म्हणणारे म्हणोत. बंद पडलेला कारखाना कामगार चालवू शकतात, हे त्याने सिद्ध केले. आणि तांबे विकत घ्यावयास रोज पैसा लागतो, हेही सिद्ध केले. दोन्ही गोष्टी युनियनच्या माणसाने सारख्याच मनावर घेतल्या पाहिजेत.

मालकवर्गाला आमचे एक सांगणे आहे. वाटाघाटीच्या टेबलावर मजुरी हा खर्च म्हणून लिहिला जातो. हिशेबाच्या वहीत तो खर्चच आहे, हे आम्ही जाणतो. परंतु शिदोरीचे जे न दिसणारे भाग आम्ही वर सांगितले, ते बहुतेक सारे माणसांत राहतात. यंत्राचा आवाज बदलला की बिघाड ओळखणारा फिटर, कोणत्या गिऱ्हाइकाला कोणता माल परत केल्याशिवाय चालतो हे जाणणारा गोदामवाला, नव्या पोराला हात धरून शिकविणारा जुना टर्नर, यांची किंमत ताळेबंदात कोठेच लिहिलेली नसते. दर अकरा महिन्यांनी माणूस बदलणारी कंपनी पगारात थोडे वाचविते आणि आपल्या शिदोरीला स्वतःच भोक पाडते. आणि जेथे नवी कल्पना सुचविणाऱ्या कामगाराला ‘तू तुझे काम कर’ असे ऐकावे लागते, तेथे हिंमत फक्त मालकाच्या खोलीत कोंडून राहते.

तरुणांनाही थोडे सांगावयाचे आहे. आज जुन्नर-आंबेगावातील पुष्कळ मुले नोकरीच्या मागे न लागता काही करू पाहतात. कोणी टोमॅटोची प्रतवारी करून दूरच्या बाजाराला पाठवितो, कोणी माळशेजला येणाऱ्या प्रवाशांची राहण्याजेवणाची सोय करतो, कोणी हिरड्याचा विचार करतो. त्यांनी पाच प्रश्न कागदावर लिहून त्यांची उत्तरे काढावीत. मी जे करणार त्यात नवे काय आहे, आणि ते गिऱ्हाइकाला हवे आहे काय? माझ्याजवळ न दिसणारी साधने कोणती आहेत, म्हणजे कसब, ओळख, शब्द? पैशांपैकी माझा किती आणि उसना किती. आणि एक हंगाम पूर्ण बुडाला तर उसन्याचे हप्ते कोठून भरणार? धंदा दुप्पट झाला तर तो सांभाळणारे दुसरे माणूस तयार आहे काय? आणि शेवटचा : मी बुडालो तर माझ्याबरोबर कोण कोण बुडेल, आणि त्यांना हे अगोदर सांगितले आहे काय?

पहिले चार प्रश्न धंद्याच्या कोणत्याही चांगल्या पुस्तकात सापडतील. पाचवा आम्हांस कारखान्याच्या फाटकावर सापडला. तो विचारणारा उद्योजक भित्रा ठरत नाही. उलट लोक त्याच्यावर अधिक विश्वास टाकतात, आणि विश्वास ही शिदोरीच आहे, हे आपण बुरुडांच्या श्रेणीपासून पाहत आलो. धंद्यात हिंमत एकाची असू शकते. शिदोरी मात्र बहुधा अनेकांची असते. ज्यांची शिदोरी वाटेत सोडावयाची, त्यांना वाट कोणती हे विचारण्याचा अधिकार आहे. हा अधिकार मान्य करून चालणारे उद्योग आपल्या तालुक्यात निघोत, त्यांत आपल्या मुलांना काम मिळो, एवढी इच्छा प्रकट करून आम्ही आपली रजा घेतो.